सोवळ्यातली शिकार

माझ्या होणाऱ्या विहिणीनं मला पहिल्यांदा भेटायला बोलावलं ते शिकारीला. चहाला नाही, जेवायला नाही, देवळात नाही आणि चर्चमध्येही नाही. कोलोरॅडोच्या डोंगरात, दहा हजार फुटांवर, ऐन ऑक्टोबरात तंबूत राहायला या, असा निरोप आला. मी फोनवर लेकीला दोनदा विचारलं, नक्की शिकारच म्हणाली ना, सहल नाही? लेक म्हणाली, "हंटिंग, आई. एल्क हंटिंग. इट्स अ बिग डील."

ही गोष्ट २००५ सालची. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये, नोव्हायला राहत होतो. नवरा गाड्यांच्या सीटचे सांगाडे डिझाइन करायचा आणि मी गावच्या वाचनालयात अर्धा दिवस काम करायचे. एकुलती एक लेक तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली. शिकून फिजिओथेरपिस्ट झाली आणि नोकरीसाठी कोलोरॅडोतल्या एका लहानशा गावात जाऊन राहिली. बर्फावरून घसरून मोडलेले गुडघे तिच्याकडे यायचे. त्यातल्याच एका गुडघ्याचा मालक आता आमचा जावई होऊ घातला होता.

मुलाचे वडील तो लहान असतानाच गेलेले. आईनं शाळेची बस चालवून त्याला एकटीनं वाढवलं होतं. त्या घरची रीत अशी, की घरात येणाऱ्या माणसानं लग्नाआधी एकदा तरी शिकारीच्या तळावर येऊन राहायचं. नुसत्या मुलीनं नाही, तिच्या आईवडिलांनीही. तंबूत चार दिवस काढले की माणसं कळतात, असं त्या बाईचं म्हणणं होतं. आमच्याकडे याच कामासाठी पत्रिका बघतात आणि त्यात थंडी वाजत नाही.

त्यात या वर्षीची शिकार साधीसुधी नव्हती. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असा प्राणी. त्यातल्या मोठ्या नराचा परवाना त्या डोंगरात कुणालाही मिळत नाही, त्याची सरकारी घरांसारखी सोडत निघते. दर वर्षी अर्ज करायचा आणि दर वर्षी नशिबाला दोष द्यायचा. मुलगा शाळेत होता तेव्हापासून ती अर्ज करत होती, आणि या वर्षी तिचा नंबर लागला होता. परवाना फक्त पाच दिवसांचा. त्यात नर मिळाला तर मिळाला, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून रांगेत.

"आई," लेक म्हणाली, "ती याच्यासाठी किती वर्षं थांबलीये तुला माहीत नाही. सो प्लीज, डोन्ट बी वीअर्ड."

ते वीअर्ड मला झोंबलं. लग्न तर ती करणारच होती, माझ्या परवानगीनं किंवा तिच्यावाचून. मुलगाही चांगलाच होता. माझी काळजी निराळी होती. इतक्या लांबच्या त्या घरात माझी लेक आपल्या आईला आणायला लाजणार की काय? आणि त्या घरची बाई कशी आहे, जिच्या हाती आपण मुलगी देतोय? एवढं एकच मला बघायचं होतं आणि त्यासाठी मी तंबूतच काय, झाडावरही राहिले असते.

नवऱ्यानं मात्र अंग काढून घेतलं. नेमक्या त्याच आठवड्यात त्याच्या सीटची धडक चाचणी निघाली. लेकीच्या लग्नापेक्षा सीट महत्त्वाची का, असं मी विचारल्यावर तो म्हणाला की सीट आपटायची तारीख बदलत नाही, लग्नाची बदलते. पण तयारीत मी कमी पडणार नाही, असं त्यानं वचन दिलं आणि ते इतकं मनावर घेतलं की मला पश्चात्ताप झाला.

तयारीचे नियम लेकीनं मेल करून कळवले. पहिला, हवामानावर विश्वास ठेवायचा नाही. दुसरा, सुती काही आणायचं नाही. तिसरा, वास येणारं काही आणायचं नाही.

हवामानाचं खातं नवऱ्यानं घेतलं. ऑफिसातून आला की कॉम्प्युटरपुढे बसून चार वेगवेगळ्या ठिकाणचे अंदाज काढायचा, त्यांची सरासरी करायचा आणि रंगीत आलेख छापून फ्रीजवर लावायचा. आठवडाभरात फ्रीजचं दार दिसेनासं झालं. त्याच्या हिशेबानं चारही दिवस निरभ्र होते. लेक सांगत होती की त्या डोंगरात सकाळी बाटलीतलं पाणी गोठतं, दुपारी अर्ध्या बाह्यांत बसावं लागतं, मग गारा पडतात आणि संध्याकाळी बर्फ येतं नाहीतर येतही नाही. नवरा म्हणाला, ते सगळं सरासरीत धरलंय.

सुती नको, हे वाचून मात्र मी खुर्चीत बसले. आमच्या घराण्यात सुती कपडा हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध. बाळाला सुती, बाळंतिणीला सुती, उन्हाळ्यात सुती, तापात सुती. आणि ही पोर सांगते, सुती कपडा डोंगरात माणसाला मारतो. घामानं भिजला की वाळत नाही, अंगाला चिकटून बसतो आणि सगळी ऊब शोषून घेतो. लोकर भिजली तरी ऊब धरते. म्हणून आतून बाहेरपर्यंत लोकर, थरावर थर. चढ चढताना थर उतरवायचे, थांबलं की चढवायचे. मी म्हटलं, लोकर ना? लोकर तर माझ्याकडे ढीगभर आहे.

आणि होतीच. मी लग्न होऊन अमेरिकेला निघाले तेव्हा नागपूरला माझ्या आईची समजूत अशी होती, की हा देश म्हणजे एक मोठी बर्फाची लादी आहे. तिनं वर्षभर खपून दोन जाड स्वेटर, एक बंद गळ्याचं जाकीट, पायमोज्यांचे जोड, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या आणि एक माकडटोपी विणली. इथे येऊन बघते तर घर गरम, गाडी गरम, दुकान गरम. ते कपडे कधी अंगाला लागलेच नाहीत. पण मी ते जिवापाड जपले. दर वर्षी बाहेर काढायचे, ऊन दाखवायचे आणि पुन्हा घडी घालून डांबराच्या गोळ्यांबरोबर बॅगेत ठेवायचे. गोळ्यासुद्धा नागपूरच्याच, दर फेरीत आणलेल्या. इतक्या वर्षांत एका कसरीची हिंमत झाली नव्हती.

तिसरा नियम मी अक्षरशः पाळला. अत्तर घेतलं नाही, पावडर घेतली नाही, सुवासिक साबण घेतला नाही. डोक्याला लावायला तेवढं खोबरेल घेतलं, कारण खोबरेलाला वास असतो हे माझ्या गावीही नव्हतं. डांबराच्या गोळ्यांचा तर विचारसुद्धा मनात आला नाही. त्याला आम्ही वास म्हणतच नाही. तो नीट ठेवलेल्या कपड्यांचा गुण असतो.

मग खाण्याचं. विहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, मग ती तंबूत का राहत असेना. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, लसणाची चटणी कुटली, हिंग सढळ हातानं घालून चिवडा केला आणि मेतकुटाची बरणी भरली. विमानतळावर तपासणीच्या माणसानं माझी बॅग उघडली, मान मागे घेतली आणि दुसऱ्या क्षणी ती बंद करून मला प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या. एवढी झटपट तपासणी माझी आजवर झाली नव्हती. माझं पॅकिंगच तसं व्यवस्थित, असं मला वाटलं.

तळ म्हणजे देवदारांच्या कडेला दोन मोठे कॅनव्हासचे तंबू, एकात लाकडाची शेगडी, बाहेर ट्रक. विहीण पुढे आली. उंच, उन्हानं रापलेली, पाठीवर पिकलेल्या केसांची एक वेणी, डोळे बारीक करून बघायची सवय. तिनं हात पुढे केला. अमेरिकेत मिठी मारतात, असं मी विमानात ठरवून टाकलं होतं, म्हणून मी तिला घट्ट मिठी मारली. ती लाकडासारखी ताठ झाली. मग तिनं हळूच लेकीला विचारलं की हा वास कसला येतोय. लेक माझ्याजवळ आली, तिनं माझ्या स्वेटरला नाक लावलं आणि डोळे मिटले.

"ओ माय गॉड, आई. मॉथबॉल्स?"

पुढच्या अर्ध्या तासात मला कळलं, की एल्कच्या नाकापुढे आपलं नाक म्हणजे नुसती शोभा आहे. वारा त्याच्या बाजूला असेल तर पलीकडच्या डोंगरावरूनही त्याला माणूस कळतो, आणि माणसापाशी डांबराच्या गोळ्या असतील तर बहुधा पलीकडच्या राज्यातूनही कळतो. माझी बॅग उघडली गेली. आईच्या हातचे स्वेटर, जाकीट, पट्ट्या, माकडटोपी, सगळं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दोन झाडांमध्ये दोरी बांधून टांगण्यात आलं. पुऱ्या आणि चिवडा ट्रकमध्ये, काचा वर करून. राहता राहिले मी. मला त्या दोरीवर टांगता येत नव्हतं म्हणून मुलानं पाणी तापवलं आणि लेकीनं बिनवासाच्या साबणानं, त्या थंडीत, माझे तेल लावलेले केस धुतले. तिचे कान लाल झाले होते आणि ते थंडीनं नव्हते, एवढं आईला कळतं.

मला राग आला. मी काय त्यांचं घोडं मारलं होतं? माझ्या आईच्या विणकामाला वाळीत टाकलं होतं आणि मी टॉवेल गुंडाळून शेगडीपुढे बसले होते. मग विहीण आली आणि तिनं मला आपले शिकारीचे कपडे दाखवले, म्हणजे लांबून दाखवले. ते एका घट्ट झाकणाच्या खोक्यात होते, देवदाराच्या पानांत ठेवलेले. बिनवासाच्या साबणानं धुवायचे, उघड्यावर वाळवायचे आणि खोक्यात घालायचे. मग कुणी शिवायचं नाही. ते घालून स्वयंपाक करायचा नाही, गाडीत पेट्रोल भरायचं नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. पहाटे खाणंपिणं उरकून अगदी शेवटी अंगावर चढवायचे आणि थेट डोंगर गाठायचा.

मी हसायला लागले ते मला थांबेना. लेक घाबरून बघत होती. पण मला हे सगळं तोंडपाठ होतं. साताऱ्याला माझ्या सासूबाईंचं सोवळं अगदी असंच होतं. धुतलेलं लुगडं उंच बांबूच्या दांडीवर, काठीनं चढवायचं आणि काठीनंच उतरवायचं. ते नेसून त्या पूजेला आणि स्वयंपाकाला बसल्या की घरातल्या कुणी त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. चुकून पदर लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या सोवळ्यातून सुटले म्हणून अमेरिकेला येताना मला अर्धा आनंद झाला होता, आणि आता डोंगरात सोवळ्यातली विहीण गाठ पडली होती.

मी तिला ते सगळं सांगितलं. ती मुळीच हसली नाही. काठी केवढी लांब असते, टोकाला आकडा असतो का, असं तिनं बारकाईनं विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं आपला कोट फांदीवरून एका काटकीनं उतरवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि चेहरा न हलवता अंगात घातला. त्या बाईला विनोद कळत होता, फक्त ती तो खर्च करत नव्हती.

तो दिवस लेकीनं तिच्याबरोबर डोंगरावर काढला. हवा नवऱ्याच्या आलेखाप्रमाणे स्वच्छ होती. मी तळावर बसून राहिले आणि दुपारी माझं नाक उन्हानं सोलून निघालं. त्या दोघींना नुसत्या माद्या दिसल्या. आधीचे दिवस तर पूर्णच कोरडे गेले होते, आणि आता परवान्याचे दोन दिवस उरले होते. जेवताना विहीण म्हणाली की उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला. रीतच होती ती, घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाशेजारी तिनं एक सकाळ काढायची. भांडी घासताना लेक माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, उद्या फक्त शांत बस, ओके? हलू नको. काही बोलू नको. तिचा हा लास्ट चान्स आहे."

मी म्हटलं, मी दगड होऊन बसेन.

पहाटे मला विहिणीचे जादा कपडे मिळाले, वर नियमाप्रमाणे नारिंगी जाकीट आणि नारिंगी टोपी. दसऱ्याला झेंडू लावलेल्या दारासारखी मी दिसत होते. एल्कला तो रंग कळत नाही, माणसाला कळतो आणि तो आपल्याला गोळी घालत नाही, असं मुलानं समजावलं. सगळं ठीक होतं, फक्त आतला लोकरीचा सदरा भयंकर चावत होता. म्हणून मी त्याच्याआत आपली एक सुती बंडी घातली. धुतलेली, बिनवासाची. कोण बघणार होतं?

चढ उभा होता. विहीण मध्येच थांबून खुणेनं सांगायची की कोट उतरवा. मी मान हलवायची आणि तसंच चढायची. बटणं काढत बसले तर माझ्यापायी तिचा उशीर होईल, या धाकानं मी सगळे थर अंगावर ठेवून वर गेले. माथ्याजवळच्या खडकाआड आम्ही बसलो तेव्हा माझी पाठ घामानं निथळत होती. तिनं खिशातून एक लहान बाटली काढून दाबली. पांढरी पूड उडाली आणि आमच्या मागे गेली. वारा खालून वर येत होता. म्हणजे खालच्या कुरणातून येणाऱ्या प्राण्याला आमचा पत्ता लागणार नव्हता. तिनं समाधानानं मान डोलावली.

सूर्य आला आणि तासाभरात गेला. पश्चिमेकडून काळपट ढग डोंगरावर चढले, नवऱ्याच्या सरासरीत कुठेही नसलेले. आधी साबुदाण्याएवढ्या गारा पडल्या, मग बर्फ. पाठीवरची ती ओली बंडी आता बर्फाच्या फडक्यासारखी चिकटली. मला काकडायला झालं. मी दात दाबून धरले, मग हात मांड्यांखाली घातले. लेकीला दिलेला शब्द होता, हलायचं नाही.

आणि तेवढ्यात तो आला. खालच्या झाडीतून बाहेर पडला आणि बर्फातून सावकाश चढ चढत आमच्याच दिशेनं यायला लागला. शिंगं एवढी मोठी की ती सांभाळत चालण्याचं वजन त्याच्या मानेत दिसत होतं. मी लहानपणी मेळघाटात सांबर पाहिलं होतं, पण हे म्हणजे काही वेगळंच होतं. अंगावर काटा आला. काय देखणा जीव होता. विहिणीनं बंदूक खडकावर टेकवली. अजून तो लांब होता. अजून थोडा वर यायला हवा होता, बस.

माझे दात वाजायला लागले. मी तोंडात हातमोजा कोंबला. मग सगळं अंगच थडथडायला लागलं, माझ्या ताब्यातच राहिलं नाही. मला वाटत होतं, देवा, अजून थोडा वेळ. एवढं पार पाडू दे. पुढे काय व्हायचं ते होवो, पण माझ्या लेकीला तोंड दाखवायला जागा राहू दे. विहिणीनं बंदुकीवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, मी ठीक आहे. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं, हातमोजा काढून माझ्या कॉलरमधून पाठीवर हात घातला, आणि तिला ती बंडी लागली.

तिनं एकदा खाली बघितलं. तो आणखी जवळ आला होता. ती आणखी थोडी थांबली असती तरी मी काही मेले नसते, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण ती थांबली नाही. तिनं बंदुकीचा खटका बंद केला आणि सरळ उभी राहिली.

तो जागच्या जागी थबकला. आमच्या दोघींकडे त्यानं नीट बघून घेतलं आणि मग काही घाई नसल्यासारखा झाडीत निघून गेला. मी रडायला लागले. विहीण म्हणाली, "आधी ते सुती काढा. बोलायचं नंतर."

आपल्या रेनकोटाचा आडोसा धरून तिनं मला ती बंडी काढायला लावली, बर्फात, वयाच्या पन्नाशीत. मग पाठीवरच्या पिशवीतून तिनं एक घट्ट बांधलेली थैली काढली. तिच्यात तिचा राखून ठेवलेला कोरडा लोकरीचा सदरा होता, देवदाराची पानं चिकटलेला, कुणीही न शिवलेला. तो तिनं स्वतःच्या हातानं माझ्या अंगात घातला. मी म्हटलं, तुमचं सोवळं मोडलं. ती म्हणाली, "हात वर करा, दुसरी बाही घाला." खाली उतरताना मी तिची इतक्यांदा क्षमा मागितली की शेवटी तिनं मला गप्प राहायला सांगितलं. वाटेत पाय घसरतील, म्हणाली.

तळावर पोचलो तेव्हा मुलगा आणि लेक पलीकडच्या धारेवरून परत आले होते. बर्फ चांगलंच धरलं होतं. खिंड बंद व्हायच्या आत खाली उतरायला हवं, म्हणजे उद्याचा शेवटचा दिवसही गेल्यात जमा होता. मुलगा धावतच आला. दुर्बिणीतून त्याला तो नर दिसला होता. सरळ तुमच्याकडेच चढत होता, मग बर्फानं सगळं झाकलं. त्यानं आईला विचारलं, काय झालं? गोळीचा आवाज का नाही आला?

विहीण शेगडीपाशी बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. कुणी काही बोलायच्या आत लेकीनं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी ओळखला. तिसरीत असताना तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला मी सगळ्या पालकांत मोठ्यानं हाक मारली होती, तेव्हा तिनं असंच बघितलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तू काय केलंस?"

मी तोंड उघडलं. खरं तेच सांगणार होते. पण विहिणीनं बूट काढून बाजूला ठेवला आणि वर न बघता म्हणाली, "मला झोप लागली."

मग मुलगा हसायला लागला. पोट धरून, खाली बसून हसला. त्याची आई, जिनं त्याला हलला म्हणून लहानपणी डोंगरावरून परत पाठवलं होतं, ती एवढ्या वर्षांच्या परवान्यावर, नर समोर आलेला असताना झोपली. तो म्हणाला की हे आता सगळ्या गावाला कळणार, तुझ्या बसमधली शाळेची मुलं तुला घोरून दाखवणार. आणि त्यानं सांगितलंही सगळ्यांना. दर थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या टेबलावर ती गोष्ट निघते, दर वेळी झोप जरा जास्त गाढ होते, आणि ती बाई शांतपणे बटाटे वाढत राहते. एकदा मला राहवलं नाही, मी बोलायला सुरुवात केली, तर टेबलापलीकडून तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ग्रेव्हीचं भांडं मागितलं.

पण ते पुढचं. त्या दिवशी तंबूत लेकही हसली. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. ती माझ्याजवळ येऊन बसली, माझे गारठलेले हात आपल्या हातात घेऊन चोळायला लागली आणि म्हणाली, "सॉरी, आई. मला वाटलं तूच काहीतरी केलंस." मी तिला हात चोळू दिले. शेगडीपलीकडे विहीण पाठ करून लाकडं सारत होती. जिनं एवढी वर्षं वाट बघितली होती आणि आता पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभी राहणार होती, तिनं माझ्या लेकीपुढे माझी मान खाली जाऊ दिली नव्हती. स्वतःची घातली होती.

लग्न पुढच्या जूनमध्ये नोव्हायला झालं, भटजी बोलावून, रीतीनं. मी मुलगी दिली ती मात्र त्या दिवशीच.